आऱ्याचा ब्रेक

रघूनाना पाष्टे एसटीत शेजारी येऊन बसले, तर खुशाल उठावं आणि मागची जागा धरावी. नाहीतर देवरूख ते रत्नागिरी एकच पुराण ऐकायची तयारी ठेवावी. गाडी थांब्यावर थांबली की नानांचा चेहरा असा खुलतो, जणू गाडी त्यांच्यासाठीच थांबली. "बगितलंत? सहाच्या सहा चाकांनी एकदम धरलं! ह्याला म्हणतात ब्रेक!" शेजारचा बिचारा मान डोलावतो, आणि तिथेच फसतो. मग लायनर म्हणजे काय, ड्रम तापला की काय होतं, सगळं त्याच्या गळी उतरवल्याशिवाय नाना त्याला सोडत नाहीत.

तेहतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्या माणसाने ब्रेक सोडून दुसऱ्या कशाला हात लावला नाही. इंजिनाचं कौतुक करणारे ढीगभर असतात, नानांना त्यांची कीव यायची. "पळवतो कोण पण. थांबवून दाखव." ब्रेक नीट झाला की खडूने ड्रमवर एक बारीक फुली मारायची, आणि त्याआधी पान्याने तीनदा ठोकून आवाज ऐकायचा. दोनदा नाही, तीनदा. साहेब घाई करू लागले तरी तीनदाच.

निवृत्त होऊन देवरूखजवळच्या आपल्या वाडीत आले आणि त्या हातांना काम उरलं नाही. भातशेती होती, काजू होते, पण भाताला कुठे ब्रेक असतो? वाडीतल्या सगळ्या रिक्षा, मोटरसायकली, पोरींच्या सायकली नानांनी तपासून काढल्या. शेवटी एकदा ते विहिरीच्या रहाटाला काहीतरी बसवताना सापडले, तेव्हा त्यांची बायको चिमा कळशी कमरेवर घेऊन उभी राहिली.

"तेहतीस वर्षं गाड्या थांबवल्यात," ती म्हणाली. "एक तरी हलवलीत काय?"

नाना हसले खरे, पण ते वाक्य त्यांच्या मनाला लागलं. त्या दिवशी ते दुपारचं जेवण अर्धं टाकून उठले.

आणि अशा वेळी फोन आला. हातखंब्याचा वजीर होडेकर बोलत होता. हायवेच्या कडेला त्याची शेड आहे, तिथे तो फायबरच्या होड्या बनवतो. बोलायला मोठा, मनाने त्याहून मोठा, आणि घाईला तर तोडच नाही.

"नाना, नऊ टनांचा ट्रेलर हाय. चार चाकं हायत. ब्रेक नाय. येतंव?"

"कधी येऊ?" नानांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत पान्यांची पिशवी खाली काढली.

"आवं, चहा तरी घ्या!" चिमा ओरडली.

"हातखंब्याला घेतंय!"

शेडमध्ये ती बोट बघून नाना खुळावलेच. छत्तीस फुटी, पांढरी झक्क, काठाला निळी पट्टी, आणि माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढी उंच. वजीरने आजवर लहान होड्या केल्या, त्या ट्रकवर टाकून खाडीला न्यायच्या. ही ट्रकवर मावेना. म्हणून त्याने तिच्यासाठी चार चाकांचा दणकट ट्रेलर जोडून घेतला होता, आपल्या जुन्या ट्रकच्या मागे लावायला. बोट होती त्याच्या अजराखालाची, म्हणजे मावशीची. खालाचा मुलगा उमेर कुवेत सोडून कायमचा परत आला होता, आणि आता परत जायचं नाव नको म्हणून मायलेकांनी ही बोट घ्यायची ठरवली होती.

नाना ट्रेलरभोवती फेऱ्या मारू लागले. एक फेरी, दोन फेऱ्या. वाकून खाली बघायचे, आस चाचपायचे, स्वतःशीच "वा वा" म्हणायचे. किती दिवसांनी त्यांच्या हाताला वंगणाचा वास लागला होता!

"माझं ठरलंय," वजीर म्हणाला. "धक्क्याचा ब्रेक घालायचा. त्या विकणाऱ्यानं मोबाईलवर दाखवलं मला. ट्रक थांबला की मागचा ट्रेलर पुढं रेटतो, त्या रेट्यानंच ब्रेक लागतो. वायर नाय, नळी नाय, कटकट नाय. खारं पाणी लागून बिघडायला काय हायच नाय त्यात!"

"झकास हाय तो," नाना म्हणाले. त्यांना कुठलाच ब्रेक वाईट म्हणवत नसे. "विजेचा नको. खाऱ्या पाण्यात वायर म्हणजे आजार पोसणं. धक्क्याचा हलक्या ट्रेलराला झकास. पण बोट उतरवणार कुठं?"

"खालाच्या दारात. मोहल्ल्यातून उतार हाय खाडीपर्यंत."

"उतारावर ट्रक पुढं, की ट्रेलर पुढं?"

वजीर हसला. "आता नाना, ट्रक पाण्यात घालू काय? ट्रेलर पुढं. ट्रक मागं मागं ढकलत नेणार."

नाना तिथेच थांबले. हातातला पाना त्यांनी हळूच पिशवीत ठेवला. "मना तो उतार दाखव," ते म्हणाले.

उतार बघून नानांच्या अंगावर काटा आला. भीतीने थोडा, आनंदाने जास्त. मशिदीपासून निघालेला सिमेंटचा रस्ता तडक खाडीकडे कोसळत होता. शेवटी डावीकडे वळून धक्क्यावर जात होता, आणि जिथे वळत होता त्याच्या बरोब्बर समोर अजराखालाचं घर. ओटीवर सुकत घातलेले जवळे, दारात तुळतुळीत पुसलेली पायरी. ट्रेलर वळला नाही आणि सुटला, तर थेट त्या पायरीवरून स्वयंपाकघरात.

"वजीरभाई, हिकडं ये. मी ट्रेलर, तू ट्रक."

"कय?"

"ये तर!"

साठी उलटलेल्या नानांनी वजीरचे दोन्ही हात धरले, त्याला उतारावर वरच्या अंगाला उभं केलं आणि स्वतः खालच्या अंगाला लटकले. मोहल्ल्यातल्या बाया दारांत आल्या. कोणीतरी हसलं.

"आता सांग. मी तुला ढकलतंय?"

"ढकलतंव कुठं? ओढतंव! हात उपटतील माझे!"

"मग धक्काच नाय, तर धक्क्याचा ब्रेक लागंल कशानं?"

हातखंब्यापासून इथवरच्या सगळ्या रस्त्याचा विचार वजीरने केला होता. या शेवटच्या दोनशे पावलांचा केलाच नव्हता. सरळ रस्त्यावर ट्रेलर ट्रकला रेटतो, पण उलटा उतरताना तो ट्रकला ओढतो, आणि ओढताना तो ब्रेक झोपलेला असतो. नेमका इथे, खालाच्या घरासमोर.

"या अल्ला," तो पुटपुटला. मग चिडला. स्वतःवरच, पण आवाज नानांवर. "मग घालू काय? हवेचा? हवेवर नऊ टन सोडू? हवा कधी जाईल कोण सांगतो? नळी फुटली की संपलं! माझी खाला राहते त्या घरात!"

"आरं, हवा गेली तरच तर तो—"

"नाय नाय नाय. हवा म्हणजे हवा."

नानांनी तऱ्हेतऱ्हेने सांगून पाहिलं. चाकाजवळ एक लोखंडी डबा असतो, त्यात दांडगी स्प्रिंग असते, ती स्प्रिंग ब्रेक दाबून धरते, हवा फक्त तिला मागे सारते. वजीर हो हो म्हणायचा आणि शेवटी विचारायचा, "पण हवा गेली तर?" नानांचा घसा बसायची वेळ आली. तेहतीस वर्षं ज्याला त्याला हेच सांगून ते थकले होते. माणसांना वाटतं हवा धरते. हवा धरत नाही हो! हवा सोडते!

ओटीवर बसून अजराखाला हे सगळं ऐकत होती. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ. तिचा बाप शिडाच्या गलबतावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या होता.

"वजीर, गप बस जरा," ती म्हणाली. "नाना, मला सांग. हा ब्रेक लावायचा नसतो, लागलेलाच असतो. हवा फक्त सोडवते. असंच ना?"

"असंच! असंच!"

"मग हा आऱ्याचा ब्रेक हाय, म्हण की सरळ."

नानांना कळेना. मग खालाने सांगितलं. बापाच्या गलबतावर जड काही खाली सोडायचं असलं की दोराला खुंट्याभोवती तीन वेढे घालायचे. भार खुंटाच धरायचा. माणसाने फक्त वेढे सैल करायचे. तांडेल ओरडायचा, आऱ्या! म्हणजे सोड, हळूहळू सोड. आवाज थांबला की हात थांबला, आणि हात थांबला की दोर आपला आवळून बसला. माणूस घसरून पडला तरी दोर धरलेलाच.

"धरायला माणूस लागत नाय," खाला म्हणाली. "सोडायला लागतो."

वजीर खालाकडे बघत राहिला, मग नानांकडे. "एवढंच होतं तर आधी नाय सांगायचं, नाना?" तो म्हणाला.

एवढंच होतं! नानांना त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. पण मनात ते खालाच्या पाया पडत होते. तेहतीस वर्षांत जे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं, ते या बाईने एका शब्दात सांगून टाकलं होतं.

पुढचे बारा दिवस नाना जगले. दुसरा शब्द नाही त्याला. सकाळच्या पहिल्या गाडीने हातखंबा, संध्याकाळच्या गाडीने घर. ट्रकची हवा ट्रेलरला नेणारी नळी जोडली, चाकांजवळ स्प्रिंगचे डबे बसवले, आणि ट्रेलरच्या कडेला हाताशी येईल असा एक लाल खटका लावला. दाबला की डब्यांत हवा भरणार आणि ब्रेक सुटणार, ओढला की हवा निघून ब्रेक लागणार. सोबत चालणाऱ्या माणसालाही तो हाताळता यावा, म्हणून तो कडेला. वजीरने खटक्याखाली निळ्या रंगाने सुबक अक्षरांत लिहिलं, 'आऱ्या'. मग ट्रेलरवर जांभ्याचे चिरे रचून शेडमागच्या उतारावर नेलं, आणि नानांनी सगळ्यांदेखत नळी उपटली. फुस्स करून हवा गेली, आणि चिऱ्यांनी भरलेला ट्रेलर जागच्या जागी रुतून बसला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी चारही ड्रम तीन-तीनदा ठोकले आणि खडूने फुल्या मारल्या.

घरी चिमा म्हणाली, "तोंडावर तेज आलंय तुमच्या. काय मिळालं एवढं?"

"परवा ये बगायला."

"कापणी कोण करंल? तुमचा ब्रेक?"

पुनवेचा दिवस उजाडला. साडेअकराला मोठी भरती, तेवढ्यात बोट पाण्यात गेली पाहिजे, नाहीतर पुढच्या उधाणापर्यंत पंधरा दिवस. आणि नेमका वजीरचा नेहमीचा ड्रायव्हर तापाने फणफणला. आयत्या वेळी हायवेवरच्या धाब्यावरून विनीत नावाचा ड्रायव्हर आणला. गडहिंग्लजचा, ट्रक हाताळण्यात तरबेज, पण समुद्र त्याने आदल्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलेला.

हातखंब्यापासून मोहल्ल्यापर्यंत सगळं लोण्यासारखं झालं. मशिदीजवळ विनीतने ट्रक फिरवला, ट्रेलरची मागची बाजू खाडीकडे केली. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. उमेरने येऊन आईला सांगितलं, "अम्मी, उठ. बाजूच्या घरात जाऊन बस."

"का?"

"सुटला बिटला तर!"

"नाना म्हणालाय थांबंल," खाला म्हणाली. "तर थांबंल." आणि पायरीवर चहाची बशी घेऊन ती बसून राहिली.

नानांनी ते ऐकलं. वर्कशॉपमध्ये फुली मारली की गाडी फाटकाबाहेर जायची. तिच्यात बसणारी माणसं नानांनी कधी समोर बसलेली पाहिली नव्हती. ही बाई ट्रेलरसमोर बसली होती, त्यांच्या शब्दावर, चहा पीत.

ते खटक्याला हात लावून चालू लागले. दाबला, सुटला. ओढला, थांबला. पाऊल पाऊल करत नऊ टन उतरू लागले. विनीत आरशात बघून नानांच्या हातवाऱ्यावर ट्रक मागे घेत होता. अर्धा उतार झाला, पाऊण झाला. वळणाशी नानांनी खटका ओढला. ट्रेलर थांबला, माणसांनी बोटीचे दोर ताणून ती नीट केली. आता वळवायचं, हळू, अगदी हळू. नानांनी खटका दाबला, आणि मोहल्ल्यातल्या वीस-पंचवीस गळ्यांना एकदम चेव आला.

"आऱ्याऽऽ! आऱ्याऽऽ!"

विनीतने ऐकलं, आरं याऽऽ. एवढी माणसं बोलावतायत म्हटल्यावर गडी कशाला थांबतो? त्याने पाय दाबला आणि आला की जोरात मागे!

ट्रेलर आडवा वाकला. नळी ताणली, कोपऱ्यात अडकली आणि फटकन तुटली. फुस्सऽऽ!

"हवा गेली! हवा गेली!"

माणसं दोर टाकून पळाली. उमेर आईच्या नावाने किंचाळला. नानांचं डोकं सांगत होतं, धरणार, धरणारच, तरी त्यांनी डोळे मिटून घेतले.

करकचून एक आवाज आला. मग ट्रकने एक गचका खाल्ला आणि त्याचं इंजिन बंद पडलं. मग काहीच नाही. खाडीवरचे बगळे तेवढे उडाले.

नानांनी डोळे उघडले. बोटीचा मागचा कोपरा खालाच्या पायरीपासून हातभर अंतरावर थांबला होता. चारही चाकं ठप्प. खाला बशी हातात धरून बसलेलीच होती.

"थांबला की," ती म्हणाली. पण बशीतला चहा सगळा पायरीवर सांडला होता, आणि तो सगळ्यांनी पाहिला.

मग जो कल्ला झाला! वजीर नानांना मिठी मारून रडत होता आणि हसत होता. उमेर आईचे पाय धरून बसला होता. विनीत ट्रकमधून उडी मारून धावत आला, तोंड पांढरंफटक. वजीर त्याच्यावर धावून गेला, "डोळे फुटले काय तुझे? एवढा जोरात कशाला आलास?"

"तुम्हीच बोलावलासा की!" विनीत कळवळून म्हणाला. "सगळी ओरडालायसा, आरं या, आरं या! बोलावल्यावर येऊ नको व्हय?"

आणि मग खाला हसली. पदर तोंडाला लावून, खांदे गदगदवत हसली, आणि अख्खा मोहल्ला तिच्यामागोमाग फुटला. विनीत तेवढा कावराबावरा होऊन सगळ्यांकडे बघत राहिला.

"चूक त्याची नाय," हसू आवरल्यावर खाला म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम तांडेलाच्या मुलीचा झाला. "चूक तुमची. आऱ्या कोणी ओरडायचं? माझ्या बापाचा नियम होता, ज्याच्या हातात दोर, त्याचाच आवाज. बाकीच्यांनी तोंडं मिटायची." तिने नानांकडे बघितलं. "दोर तुझ्या हातात हाय, नाना. तूच ओरड."

"मी? खाला, मी डोंगरातला माणूस. मना नाय जमायचं."

"थांबवायला जमलं ना? मग सोडायला पण जमंल."

नळी जोडायला वीस मिनिटं गेली. तोवर पाणी अजून चढलं होतं. विनीतला नानांनी नीट समजावलं, मी ओरडलो की अगदी हळू, गप्प झालो की उभा. विनीतने दहा वेळा मान हलवली. बोट सरळ केली. पुन्हा नाना खटक्याशी उभे राहिले. त्यांनी चारही ड्रम ठोकले, तीन-तीनदा, आणि कोणी घाई केली नाही.

मग त्यांनी खटका दाबला. तोंड उघडलं, तर पहिल्यांदा नुसता वारा बाहेर आला. दुसऱ्यांदा आवाज फुटला, चिरका, डोंगरातला, पण फुटला.

"आऱ्याऽऽ!"

नऊ टन हलले. नाना गप्प झाले, ट्रेलर उभा. नाना ओरडले, ट्रेलर चालू. वळण झालं. धक्का आला. चाकं पाण्यात गेली, पाणी बोटीच्या पोटाला लागलं, आणि नानांनी खटक्यावर हात ठेवून, मान वर करून, उरातलं सगळं लावून शेवटची हाक दिली. ती हाक खाडीच्या पलीकडे गेली. बोट ट्रेलरवरून सुटली, जराशी डुलली, आणि तरंगू लागली.

उमेर बोटीवर उडी मारून चढला. बायांनी खडीसाखर वाटली. खालाने एक खडा नानांच्या हातावर ठेवला. नानांनी तो तोंडात टाकला, गोड्या पाण्याने ट्रेलरचे चारही ड्रम स्वतः धुतले, आणि मगच धक्क्याच्या कडेला बसून चिमाला फोन लावला.

"चिमे! ऐकतेस काय? आज एक हलवली!"

"काय हलवली?"

"बोट! नऊ टन! मी नुसतं आऱ्या म्हटलं, आणि गेली!"

पलीकडे शेतातल्या वाऱ्यात चिमाला अर्धंच ऐकू आलं.

"या म्हटलंत, आणि गेली?"

नाना हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, ते पुसायचेही राहिले.

"दुनियेला या म्हणून झालं असंल," चिमा म्हणाली, "तर आता तुमी या. जेवायची थांबलंय मी."